उण्याच्या जागी अधिक

मी मोबाइलसाठी भौतिकशास्त्राची ॲप्स बनवतो. पडद्यावर चेंडू पडतो, स्प्रिंग ताणली जाते, ठोकळा उतारावरून घसरतो, आणि शाळेतल्या मुलांना ते सगळं बोटाने ढकलून बघता येतं. भिलाईत हे सांगितलं की लोक विचारतात, प्लँटमध्ये कोणत्या डिपार्टमेंटला? प्लँटमध्ये नाही, घरीच, जुनवानीला मागच्या खोलीत बसतो, असं म्हटलं की ते माझ्या वडिलांची चौकशी करू लागतात.

वडील प्लँटमध्ये क्रेन ऑपरेटर होते. शेडच्या छताखाली रुळांवर धावणाऱ्या क्रेनच्या केबिनमध्ये ते चौतीस वर्षं बसले. खाली वितळलेल्या पोलादाची बादली लोंबत असते. क्रेन थांबली की बादली झोके घेते, आणि तो झोका मारणं, म्हणजे जागीच जिरवणं, हीच ऑपरेटरची खरी विद्या. बादली ज्या बाजूला जाते त्याच बाजूला क्रेन अलगद तिच्यामागे न्यायची, आणि ती टोकाला पोचली की बरोब्बर तिच्या डोक्यावर जाऊन थांबायचं.

त्यावरूनच मला क्रेनचं ॲप सुचलं. जवळच्या एका कोचिंग क्लासने ते अकरावीच्या मुलांना द्यायचं कबूलही केलं. ॲपच्या पहिल्या पडद्यावर मी लिहून टाकलं, ‘चौतीस वर्षांच्या अनुभवी क्रेन ऑपरेटरने तपासलेले.’ तपासायचं अजून बाकी होतं.

माहिती घ्यायला मी वही घेऊन वडिलांसमोर सतरंजीवर बसलो. ते कामाबद्दल बोलताना डावं-उजवं म्हणत नाहीत, कारण केबिनमधल्या माणसाचं उजवं ते खाली समोर उभ्या असलेल्याचं डावं. ते म्हणतात फर्नेस साइड आणि रोड साइड. त्यांनी किल्लीला दोरा बांधून हात फर्नेस साइडला नेला, आणि किल्ली मागे, रोड साइडला राहिली. मी समोरून लिहीत होतो. क्रेनची दिशा मी त्यांच्या बाजूने लिहिली आणि झोक्याची माझ्या बाजूने. समीकरणात जिथे उणे हवं होतं तिथे अधिक आलं. ज्या घोटाळ्याच्या धास्तीने त्यांच्या शेडमध्ये डावं-उजवं कोणी उच्चारत नव्हतं, तो मी घरी चहा पिता पिता केला.

तपासणीच्या दिवशी वडिलांनी दाढी केली आणि कामावरचे सुती हातमोजे शोधून हातात चढवले. मोज्याने पडदा चालेना, म्हणून एका बोटाचं टोक कात्रीने कापलं. फोन टीपॉयवर ठेवला आणि आम्हाला सगळ्यांना टीपॉयखालून पाय काढायला लावले.

“अहो, फोन आहे तो,” आई म्हणाली.

“लोड आहे. लोडच्या खाली माणूस चालत नाही.”

सिग्नल मिळाल्याशिवाय ते क्रेन हलवणार नव्हते. त्यासाठी बोरसीहून त्यांचे मित्र आले. ते प्लँटमध्ये खलाशी होते. खाली उभं राहून हाताच्या खुणांनी ऑपरेटरला सांगायचं, हे त्यांचं काम. सगळ्यांना जय भीम करून ते टीव्हीला पाठ लावून उभे राहिले आणि त्यांनी तळहात खाली केला.

“आरिया,” ते म्हणाले. बादली खाली आली. “बस. आता हाफिज.” बादली वर गेली. “चाल रोड साइड. थांब. झोका मार.”

वडिलांनी क्रेन बादलीच्या मागे नेली. बादली शांत व्हायची ती उसळली. पुन्हा नेली तर ती छताला जाऊन लागली, आणि पडद्यावर लाल अक्षरं आली, ‘पोलाद सांडले.’ ती अक्षरं लाल करण्यात माझा एक सबंध दिवस गेला होता.

“फोनची सवय नाही ना तुले,” मित्र म्हणाले.

“पुन्हा दे,” वडील मला म्हणाले.

पोलाद सात वेळा सांडलं. मग माझ्या मुलीने, “आबा, मुझे दो ना, एक बार,” म्हणून फोन घेतला. ती दहावीत आहे आणि क्रेन तिने फक्त चित्रात पाहिली आहे. बादली अंगावर येते असं वाटून तिने क्रेन उलट्या दिशेला ओढली, आणि बादली जागच्या जागी गप्प झाली. आईने मटार सोलता सोलता एका बोटाने तेच केलं.

“एवढंच होतं का?” आई म्हणाली. “मग चौतीस वर्षं थकून कावून येत होते तुम्ही?”

“वहिनी, तुम्ही भरती होऊन जा,” मित्र म्हणाले. सगळे हसले. वडीलही हसले, मग मोजे काढून त्यांनी घडी घातली. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी स्कूटर बंद केली. “हात गेला माझा,” एवढंच म्हणाले. मित्राकडे जायचं तर ऑटो बघू लागले, आणि चहाचा कप अर्धाच भरून मागू लागले.

मला चूक दुसऱ्याच दिवशी सकाळी सापडली. एक चिन्ह बदलायचं होतं, बाकी काही नाही. मी ते बदललं नाही आणि वडिलांना सांगितलंही नाही. आधी मी स्वतःला समजावलं की पूर्ण खात्री करून सांगू. मग वाटलं, कोचिंग क्लासवाले काय म्हणतील. ही दोन्ही कारणं खोटी होती. खरं कारण लिहायला मला लाज वाटते. माझ्या कामाला वडील नेहमी ‘खुर्चीचं काम’ म्हणत आले, आणि माझ्या खुर्चीच्या कामासमोर ते सात वेळा हरले होते. ते मला बरं वाटलं होतं. मी नऊ दिवस ते बरं वाटणं जपलं, आणि समोर बसून अर्धा कप चहा पिणारा माणूस बघत राहिलो.

नवव्या दिवशी दुपारी ते माझ्या खोलीत आले. फोन त्यांच्या हातात होता.

“पहिल्या पानावरचं ते चौतीस वर्षं काढून टाक.”

“का, बाबा?”

“काल जमलं मले. रोज जिन्यात बसून करून राहिलो होतो. क्रेन उलट्या बाजूले घ्या लागते. चौतीस वर्षं मी चुकीचं चालवलं, हे आता समजलं. खाली माणसं होती. कोणी मेलं नाही, ते नशीब.” मग म्हणाले, “सकाळी त्याले फोन करून माफी मागितली मी. तो माझ्या लोडपाशी उभा राहत होता ना.”

मला वाटलं होतं, ते स्वतःच्या हातावर संशय घेत असतील. त्यांनी स्वतःच्या सगळ्या नोकरीवर घेतला होता. आयुष्यभराच्या अनुभवापेक्षा त्यांनी माझ्या ॲपवर जास्त विश्वास ठेवला, कारण मी शिकलेला होतो आणि ते भौतिकशास्त्र होतं.

मी सांगितलं. उणे, अधिक, वही, सगळं.

“म्हणजे माझा हात बरोबर होता?”

“हो.”

“तुले कधी समजलं?”

“दुसऱ्या दिवशी.”

त्यांनी बोटांवर काहीतरी मोजलं आणि फोन माझ्यापुढे धरला. “दुरुस्त कर.”

मी चिन्ह बदलून फोन परत दिला. त्यांनी बादली हलवली. झोका आला आणि त्यांचा हात उलट्या दिशेला गेला. पोलाद सांडलं. दुसऱ्यांदाही सांडलं. नऊ दिवसांच्या मेहनतीने त्यांनी चौतीस वर्षांचा हात मोडला होता, आणि आता हातात धड कोणतीच सवय राहिली नव्हती.

“बाबा, जुनंच परत टाकू का?” मी विचारलं. इतका मूर्ख प्रश्न मी आयुष्यात दुसरा विचारला नसेल.

“नाही. खरं तेच राहू दे.”

तेवढ्यात त्यांचे मित्र आले. सकाळचा फोन ऐकून त्यांना घरी बसवेना. वडिलांनी त्यांना सगळं सांगितलं, माझे नऊ दिवस मात्र वगळून. मित्र माझ्याकडे वळले.

“तुह्या बापानं मले चौतीस वर्षांची माफी मागितली,” ते म्हणाले. “मी ‘जाऊ दे’ म्हणून टाकलं. आता ते माफी मी कोणाले परत देऊ?”

“ठेव तुयाजवळ,” वडील म्हणाले. “मांगंपुढं कामी येईन.”

दोघेही हसले. त्या खोलीत माफी मागायला हवी होती ती मी, आणि मी चार्जर शोधायच्या निमित्ताने खाली वाकलो होतो.

पुढचे चार दिवस दुपारी वडील फोन घेऊन बसले आणि मी शेजारी बसलो. त्यांनी मला ऊठ म्हटलं नाही की बस म्हटलं नाही. हात पुढे जायचा, मध्येच अडायचा, पुन्हा विचार करून जायचा. पूर्वी त्यात विचार नसायचा. चौथ्या दिवशी क्रेन बादलीच्या मागे गेली, टोकाला तिच्या डोक्यावर थांबली, आणि दोर सरळ उभा राहिला.

“बघ,” ते म्हणाले.

मी बघितलं. माफी मागायच्या ऐवजी मी म्हणालो, “छान जमलं, बाबा.”

“छान नाही,” ते पडद्यावरून नजर न काढता म्हणाले. “थोडा उशिरा थांबलो.”