काकूंचा ब्रेक

राजापेठेत चंद्रभान मिस्त्रीचं गॅरेज विचारलंत, तर लोक पत्ता सांगत नाहीत. म्हणतात, "सरळ जा, जिथं मिस्त्री कोनाले तरी झापून रायला असन, थेच गॅरेज." आणि खरंच तसंच आहे. तोंडाचा असा फटकळ माणूस अख्ख्या अमरावतीत शोधून सापडायचा नाही. पण हात! जुनी मोटरसायकल त्याच्या हाताखाली गेली की तिचं नशीबच उघडतं. कॉलेजची पोरं आजोबांच्या गंजक्या बुलेटी त्याच्याकडे ढकलत आणतात आणि महिन्या-दोन महिन्यांनी चमचमत्या, धडधडत्या घेऊन जातात. शिव्या खातात, पण येतात.

त्याचे दोन नेम होते. एक म्हणजे, गाडीतून निघालेला जुना पार्ट फडक्यात बांधून गिऱ्हाइकाला परत द्यायचा, मग तो कितीही झिजलेला असो. दुसरा, ज्याचं काही काम नाही असा पार्ट गाडीवर लावायचा नाही. पोरं म्हणायची, "काका, नुसता शोसाठी एक पाइप लावा ना." चंद्रभान म्हणायचा, "शो पाह्याचा असन त टॉकीजमंधी जाय."

हा माणूस आयुष्यात एकाच माणसापुढे मान खाली घालून उभा राहायचा. हेमचंद्र सर. शाळेत गणिताला होते. चंद्रभान मोर्शीकडच्या शेतकऱ्याचा मुलगा, अमरावतीत मामाकडे शिकायला ठेवलेला. दहावीत गणितात एकदा उडाला, दोनदा उडाला, तिसऱ्यांदा उडाला तेव्हा बाप त्याला वावरात न्यायला आला. सरांनी बापाला सांगितलं, "याच्या डोक्यात गणित शिरत नाही, पण माझी बंद पडलेली गाडी यानं दोनदा चालू करून दिली आहे. याला माझ्या हवाली करा." आणि त्याच गाडीवर, आपल्या बुलेटवर, मागे बसवून ते त्याला बडनेरा रोडच्या एका गॅरेजमध्ये घेऊन गेले. "याला शिकवा," एवढंच म्हणाले. तिथून चंद्रभानचं आयुष्य सुरू झालं म्हणायला हरकत नाही.

सर निवृत्त झाले आणि अकोल्याला जठारपेठेत आपल्या घरी गेले. बुलेटही गेली. पण तिथे घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये ती जी टेकली, ती सतरा वर्षं उठली नाही. वर पोती, जुनी गादी, मोडका कूलर. मागच्या उन्हाळ्यात भंगारवाला दारात आला, तेव्हा सरांच्या पत्नी, गोदावरीकाकू, आतून बाहेर आल्या. "भंगारात घाला हो, जरूर घाला. पण लग्न झाल्यावर हिच्यावरून चिखलदऱ्याला नेतो म्हणाला होतात. ते आधी न्या, मग घाला."

शब्द खराच दिला होता, आणि शेहेचाळीस वर्षं तो राहून गेला होता. आता तर काकूंचे दोन्ही गुडघे बदललेले, पाय टाकून मोटरसायकलवर बसणं अशक्य. सरांनी चंद्रभानला फोन लावला. चंद्रभान म्हणाला, "सर, साइडकार लावू न! काकू खुर्चीवर बसल्यासारख्या बसतीन. गाडी पाठवा."

गाडी टेम्पोतून आली तेव्हा चंद्रभानला रडूच आलं. सीटमध्ये उंदरांनी संसार थाटलेला, टाकीला खालून भोकं, पिस्टन असा जाम की किक हलायचं नाव घेईना. आठ दिवस तो इंजिनात रोज सकाळी डिझेल ओतत होता आणि गाडीशी बोलत होता. नवव्या दिवशी किक एक बोटभर सरकली. त्याने आशाला, म्हणजे बायकोला, गॅरेजमध्ये बोलावून ती बोटभर सरकलेली किक दाखवली. आशा म्हणाली, "याच्यासाठी मले पोया टाकून बलावलं?" पण तीही हसत होती.

पुढचे चार महिने दुसरं कामच नाही. साइडकारचा पत्रा नांदगाव पेठेतून वाकवून आणला. बसायला रुंद गादी, आत चढायला पायरी, काठी ठेवायला खोबण. चाक जुन्या स्कूटरचं. रंग काळा, त्यावर बारीक सोनेरी रेघ. मधे एकदा सर आणि काकू बघायला आले. काकूंनी साइडकारमध्ये बसून पाहिलं, इकडे हात लावला, तिकडे लावला आणि विचारलं, "माझा ब्रेक कुठे आहे?"

"तुमचा ब्रेक?" सर हसले.

"का? चाक आहे ना माझ्याकडेसुद्धा? मग ब्रेक नको? मी नुसती देवळातल्या मूर्तीसारखी बसून राहू?"

काकू चहाला आशाकडे आत गेल्या तेव्हा सरांनी चंद्रभानला बाजूला घेतलं. "एक मूठ बसवून दे रे तिच्यासमोर. नुसती. कशाला जोडू नकोस. तिचं समाधान."

"हो सर," चंद्रभान म्हणाला. सरांना नाही म्हणायची सवयच नव्हती. त्याने मूठ बसवली, लाल रंगाची, काकूंच्या उजव्या हाताशी येईल अशी. आणि दोन दिवस ती मूठ त्याच्या डोळ्यांत खुपत राहिली. कामाचा नसलेला पार्ट, आणि तोही सरांच्या गाडीवर! तिसऱ्या दिवशी त्याने मुकाट्याने केबल ओढली आणि मूठ स्कूटरच्या चाकाच्या ब्रेकला जोडून टाकली. सरांना सांगितलं नाही. उगाच कशाला?

एवढ्यावर थांबला असता तर बरं झालं असतं. पण प्रेमाच्या माणसासाठी काही जास्तीचं केल्याशिवाय वऱ्हाडी माणसाला चैन पडत नाही. पाहुण्याच्या ताटात तो नको म्हणत असताना वाढायचं, तशातली गत. जुन्या बुलेटला गिअर उजव्या पायाशी आणि ब्रेक डाव्या पायाशी असतो. आताच्या गाड्यांना बरोबर उलटं. कॉलेजच्या पोरांना चंद्रभान आडवा रॉड टाकून गिअर डावीकडे, ब्रेक उजवीकडे करून देतो. पोरं खूश होतात. मग सरांना काहून नाही? त्याने न विचारता तेही करून टाकलं.

जानेवारीतल्या एका सकाळी, सर आणि काकू न्यायला आल्यावर, गाडी निघाली. आशाने हळदीकुंकू लावलं, नारळ फोडला. चंद्रभानने भावाच्या मळ्यातली संत्री पिशवीभर दिली, जुने पार्ट फडक्यात बांधून साइडकारच्या मागच्या पेटीत ठेवले, आणि छाती फुगवून सांगितलं, "सर, गिअर आता डावीकडं केला. एकदम नव्या गाडीसारखा!"

सरांच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं. "असं का? वा," ते म्हणाले. गल्लीत एक चक्कर मारली, सावकाश, नीट. "हायवेचे ट्रक नकोत, आतल्या रस्त्यानं मूर्तिजापूरवरून अकोल्याला जातो," म्हणाले, आणि दोघं निघाले, काकू साइडकारमधून हात हलवत. चंद्रभान गाडी दिसेनाशी होईपर्यंत रस्त्यात उभा होता.

तासाभराने एका गिऱ्हाइकाची जुनी बुलेट ट्रायलला बाहेर काढली. ही न बदललेली, उजव्या गिअरची. राजापेठेच्या चौकात एक ऑटो अचानक आडवा वळला. चंद्रभानने ब्रेक दाबला. म्हणजे उजवा पाय दाबला. आणि तिथे ब्रेक नव्हताच! गाडी सरळ जाऊन फळवाल्याच्या हातगाडीवर धडकली. लागलं कुणाला नाही, पण संत्री चौकभर पळाली. फळवाला ओरडत होता आणि चंद्रभान, जो एरवी त्याच्या दुप्पट ओरडला असता, तो रस्त्यात पुतळा होऊन उभा.

दोन्ही तऱ्हेच्या गाड्या रोज हाताखालून जातात, तरी आपला पाय चुकला. मग सरांचा? सरांच्या पायाला तीस-चाळीस वर्षं एकच ठाऊक आहे, की घाबरलं की डावा पाय दाबायचा. आणि डावीकडचा ब्रेक आपण काढून घेतला. आपण, स्वतःच्या हाताने, हौसेने! सर काही बोलले नाहीत, कारण आपण छाती फुगवून उभे होतो.

त्याने सरांना फोन लावला. रिंग वाजत राहिली. काकूंना लावला. बंद.

"आशा, मी जाऊन रायलो," असं गॅरेजवर परतताच सांगून त्याने हत्यारांची पिशवी गळ्यात अडकवली आणि आपली गाडी काढली. काय झालं ते ऐकल्यावर आशाचंही तोंड उतरलं. "हळू जा. तुमीच पडले त त्यायले कोन सांगन?"

बडनेरा गेलं. आतल्या रस्त्याला लागला. दोन्हीकडे तुरीची वावरं, रस्ता मोकळा, आणि या माणसाच्या डोळ्यांसमोर नको नको ते. प्रत्येक वळणाला वाटायचं, आता दिसेल. समोरून येणाऱ्या प्रत्येकाला थांबवून विचारायचा, "साइडकारवाली बुलेट पायली का?" एक म्हातारा म्हणाला, "पायली न. मस्त बाई बसली व्हती." एकजण म्हणाला, नाही दिसली. या "नाही"ने त्याची गाडी आणखी वेगात सुटली.

मूर्तिजापूर आठ-दहा किलोमीटरवर असेल. एका वळणापुढे रस्त्याच्या डावीकडची तूर आडवी झालेली दिसली, आणि तिच्यात काळ्या रंगावरची सोनेरी रेघ. गाडी वावरात. वर माणूस नाही.

चंद्रभानला आपली गाडी स्टँडला लावायचं भान राहिलं नाही, ती तशीच आडवी टाकून तो वावरात धावला. "सर! सर!"

आणि बाभळीच्या मागून आवाज आला. बाईचा, खणखणीत, एका दमात चाललेला.

"उभं आयुष्य पोरांना गणित शिकवलंत, आणि स्वतःचा डावा पाय कुठला न् उजवा कुठला, ते कळेना तुम्हाला?"

अबे बाप्पा! दुसऱ्याला बसणारी बोलणी ऐकून कुणाला इतका आनंद झाला नसेल. बाभळीखाली सर बसले होते, खाली मान घालून, धोतराला माती लागलेली. शेजारी काकू दगडावर बसून संत्रं सोलत होत्या. दोघंही धडधाकट. चंद्रभान तिथेच मातीत बसला आणि लहान पोरासारखा रडायला लागला.

"अरे, तू इथे कसा?" सर म्हणाले.

मग कळलं ते असं. एक रोही, म्हणजे नीलगाईचा नर, चांगला घोड्याएवढा, तुरीतून उडी मारून थेट समोर आला. सरांनी जीव खाऊन डावा पाय दाबला. गाडीने हिसका दिला, थांबली नाही. हाताच्या ब्रेकची सरांना कधी सवयच नव्हती. "मी पाय दाबतोय, दाबतोय, आणि गाडी जातेच आहे रे," सर सांगत होते. "तेवढ्यात हिनं ती लाल मूठ ओढली. दोन्ही हातांनी. गाडी डावीकडे वळली आणि या मऊ मातीत येऊन रुतली. रोही समोरून निघून गेला."

"चूक माही हाय सर," चंद्रभान म्हणाला. "तुमाले न इचारता केलं म्या. तुमी तवाच रागवाले पाह्यजे व्हतं."

"रागावणार होतो. पण तू इतका खूश होतास." मग सर बायकोकडे वळले. रोह्याला घाबरले नसतील इतके आता घाबरलेले दिसत होते. "गोदा, एक सांगायचंय. ती मूठ खोटी लाव, असं मी याला सांगितलं होतं. तुझी समजूत काढायला."

काकूंचा हात संत्र्यावर थांबला. त्यांनी सरांकडे पाहिलं, मग वावरातल्या गाडीकडे, मग चंद्रभानकडे. "मग तू का नाही लावलीस खोटी?"

चंद्रभानने शर्टाच्या बाहीने डोळे पुसले. "लावली व्हती काकू. दोन दिवस व्हती खोटीच. पन मले झोप नाई लागे. म्हटलं, एखाद्या दिवशी काकूनं खरंच ओढली त?"

काकूंनी सोललेल्या संत्र्याचे तीन भाग केले. पहिला चंद्रभानला दिला, दुसरा स्वतः घेतला. तिसरा बराच वेळ हातातच ठेवला आणि शेवटी सरांच्या ओंजळीत टाकला. "खा. रंग बघा चेहऱ्याचा."

वावरवाला आला, तुरीचं नुकसान बघून भडकला आणि दोन म्हाताऱ्यांना बघून शांत झाला. त्याच्या मदतीने गाडी रस्त्यावर आणली. पेटीतलं फडकं उघडलं, तर आत सगळं होतं, गिअरचा जुना दांडा, ब्रेकचा पायटा, पिना, स्प्रिंग. तिथेच बाभळीखाली चंद्रभानने आपली करामत उलटी फिरवली. दोन तास लागले. गिअर उजवीकडे आला, ब्रेक डावीकडे. सर बसले, किक मारली, आणि खाली न बघता त्यांच्या उजव्या पायाने पहिला गिअर टाकला. सतरा वर्षांनंतरही पाय विसरला नव्हता. सर हसले. सकाळी गल्लीत चक्कर मारताना हे हसू नव्हतं, हे चंद्रभानच्या आता लक्षात आलं.

अकोल्यापर्यंत तो मागे मागेच गेला. पुढे सरांची पाठ ताठ, आणि काकूंचा हात सगळा रस्ता त्या लाल मुठीवर. गतिरोधक आला की सरांच्या आधी काकू ब्रेक लावायच्या, आणि सर काही म्हणायचे नाहीत. जठारपेठेत गाडी दारात थांबली. काकू पायरीवरून सावकाश उतरल्या, म्हणाल्या, "पुढच्या रविवारी चिखलदरा. चंद्रभान, तू आणि आशा तुमच्या गाडीवर मागे या," आणि त्याला जेवायला थांबवून आत गेल्या.

चंद्रभानने ओसरीत बसून आशाला फोन लावला. तिकडून तिने रिंगही पुरी वाजू दिली नाही.

"पोचले दोघंबी," तो म्हणाला. "नखालेबी धक्का नाई."

"आन तुमी?"

सरांनी त्याच्यापुढे पाण्याचा तांब्या ठेवला. चंद्रभानने तो सगळा घटाघटा पिऊन टाकला.

"मीबी पोचलो," तो म्हणाला. "जेवून निघतो."