गेममधला म्हसोबा

मोबाइलवरच्या ह्या पानावर लोक हडळीचं, चकव्याचं, पांढऱ्या साडीतल्या बाईचं लिहितात. सून वाचून दाखवते, मी हसतो. आमच्या शिवारातल्या ज्या चिंचेखालून माणसं दिवसाही घाईनं जायची, तिच्याखाली मी ऐन जवानीत खाट टाकून झोपलेलो आहे... डासांशिवाय कोणी आलं नाही. देव मानतो, भूत मानत नाही. आजही मानत नाही. पण जे झालं ते झालं. ते भुताचं नाही. मग कशाचं, तेच कळत नाही म्हणून लिहितो.

लिहितो म्हणजे मी बोलतो आणि सून टाइप करते. माझं शिक्षण चौथी. तिला सांगून ठेवलंय, माझ्या बोलण्याला इस्त्री करायची नाही.

आमचं गाव एरंडोल तालुक्यात. नाव देत नाही, कारण ज्यांच्याबद्दल लिहायचंय ती माणसं हयात आहेत. जुनं गाव नदीकाठी होतं. ते धरणात गेलं, त्याला आता चाळीसेक वर्षं होतील. नवं गाव वर माळावर वसलं. जुन्या गावात वेशीपाशी म्हसोबा होता, माणसाच्या छातीएवढा उभा दगड. डावीकडे जरासा कललेला, खांद्याला एक टवका उडालेला. त्याला अमावस्येला शेंदूर लावायचा मान आमच्या घराकडे. आधी वडील लावायचे, मग मी.

गाव हललं तेव्हा देव सगळ्यांच्या शेवटी हलवायचा असं ठरलं होतं. आधी माणसं, गुरं, सामान, मग तो. आणि नेमकं त्याच दिवसांत बायकोचं बाळंतपण अडलं, तिला धुळ्याला न्यावं लागलं. पाऊस सुरू होता, पाणी रोज चढत होतं. मी सुपडूला बोलावलं. सुपडू म्हणजे माझा लहानपणापासूनचा जोडीदार, वयानं माझ्याहून धाकटा, मला भाऊ म्हणतो. त्याला म्हटलं, देव तू आण, दुसऱ्या कोणाच्या हाती देऊ नको.

मुलगा घेऊन परत आलो तेव्हा नव्या गावात निंबाखाली म्हसोबा बसलेला. वर ताजा शेंदूर. मला तो लहान वाटला. सुपडूला तसं बोललो तर तो म्हणाला, उचलताना शेंदराची खोळ अख्खी निघून आली, ती मी नदीत सोडली. आता ज्यांच्या घरी शेंदूर लावतात त्यांना हे माहीत आहे. वर्षानुवर्षं थरावर थर बसून कवच तयार होतं, आणि एखाद दिवशी ते आपोआप सुटतं. देवानं खोळ टाकली म्हणतात, शुभ मानतात, ती नदीतच सोडतात. आमच्या म्हसोबावर तर वडिलांच्याही आधीपासूनचे थर. एवढं कवच गेल्यावर देव लहान दिसणारच, खांद्याचा टवकाही कवचाबरोबरच गेला असेल म्हटलं. सुपडूनं तळहातावरचे फोड दाखवले. म्हणाला, "जड व्हता रे भाऊ."

मी त्याच्या पाया पडलो. मी, त्याच्याहून मोठा असून. मी कोणाच्या लवकर पाया पडत नाही, हे गावाला विचारा.

उन्हाळ्यात धरणाचं पाणी मागं हटतं, जुन्या गावाचे चौथरे उघडे पडतात. लोक बघायला जातात. काहीजण त्या गाळपेराच्या जमिनीत टरबुजाच्या वाड्या करतात. मी एकदाही गेलो नाही. गेलेल्या माणसाचं तोंड एकदा बघायचं असतं, दरसाल नाही. म्हटलं, देव वर आलाय, खाली आपलं काही राहिलं नाही.

आता गेमचं सांगतो.

माझी सून शुभांगी धुळ्याकडची. पुण्याच्या कंपनीचं काम घरी बसून लॅपटॉपवर करते, आणि दुपारी जेवणाच्या सुट्टीत गेम खेळते. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला ते पटलं नाही, पण मुलानं डोळ्यांनीच गप्प केलं. मग माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. वैशाखाची दुपार, बाहेर आग, घरात एकच कूलर, तो तिच्या खोलीत. बसायला लागलो तिथे.

गेममध्ये एक तलवारवाला गडी असतो. त्याच्याबरोबर एक जखमी सोबतीण चालत असते. जंगलं, भुयारं, पडकी गावं अशी वाट काढत राक्षस मारायचे. मधे मधे देवाचे दगड लागतात. त्यांना हात लावला की सोबतिणीची जखम भरते. हे सगळं ठीक. पण शुभांगी म्हणाली, ह्यातली खरी गंमत वेगळीच आहे. दर वेळी नवा डाव लावला की जमीन नवी. नदी, वाटा, घरं, सगळं नवं, आधी कोणी न बघितलेलं.

मी म्हटलं, कोणीतरी बनवून ठेवलं असेल ना?

"नही आबा. कोणीच बनावत नही. जसा फासा पडी तशी जमीन."

मला ते मानवलं नाही. जमीन कोणी न बनवता बनते, हे फक्त देवाबाबत ऐकलं होतं. पण हळूहळू मी तिचा वाटाड्या झालो. ती मारामारी करायची, मी वाट सांगायचो. डावीकडे घे, तिकडे उतार दिसतो, उताराला पाणी असणार. बहुतेक बरोबर निघायचं. एकदा चुकलं तर म्हणाली, आबा, तुमच्या भरवशावर दोन जगं बुडाली माझी. घरात सून-सासरा असं काही राहिलं नव्हतं त्या वेळेपुरतं.

त्या दुपारी तिनं नवा डाव लावला. गडी नदीकाठी उभा. वर जायला दगडी पायऱ्या, मधली एक खचलेली. मनात म्हटलं, पायऱ्या खचतातच. वर चढल्यावर विहीर, तिचा कठडा एका अंगानं फुटलेला. विहिरीपुढे गल्ली, विळ्यासारखी वळलेली.

मी उठून उभा राहिलो. गुडघा विसरलो.

तिला म्हटलं, थांब. आता वळणावर उजव्या हाताला जमिनीत पुरलेलं उखळ असेल, दगडाचं. ती हसली. गडी वळणावर गेला. उजव्या हाताला सपाट दगड, त्यात गोल खळगा.

मग ती हसली नाही. मी म्हटलं, पुढे तीन घरं सोडून मोठा चौथरा लागेल, त्यावर निंबाचं खोड, माझ्या लहानपणीच आडवं पडलेलं. तसंच लागलं. ती माझ्याकडे बघायला लागली, तुम्ही हे आधी कुठे बघितलं म्हणून. मी म्हटलं, मी जन्मलो तिथे. हे आमचं गाव आहे.

"आणि आबा, पुढे?"

"पुढे वेस. वेशीपाशी मोकळा ओटा. म्हसोबाचा. पण तो रिकामा असणार, म्हसोबा आम्ही वर आणलाय."

गडी वेशीपाशी गेला.

ओटा रिकामा नव्हता.

माणसाच्या छातीएवढा दगड, लाल उजेड फेकणारा. डावीकडे कललेला. खांद्याला टवका.

शुभांगी हळूच म्हणाली, "आबा... शे ना तठे."

तिनं गड्याचा हात दगडाकडे न्यायला सुरुवात केली, आणि मी ओरडलो. हात लावू नको. त्याच्या पायात बूट आहेत. आमच्या म्हसोबाला पायात काही घालून कोणी शिवत नाही. तिचा हात थांबला. आम्ही दोघं बघत राहिलो, गडी दगडापुढे तसाच उभा, आणि मागून राक्षस आले. तो मेला. ह्या गेममध्ये गडी मेला की त्याच्याबरोबर ते जगही जातं. फोटो काढायचं सुचलं तेव्हा पडद्यावर फक्त काळोख होता.

मी तिला म्हटलं, गेम खोटा आहे. बाकी सगळं बरोबर दाखवलं आणि देवाच्या बाबतीत चुकला. ती म्हणाली, आबा, बाकी सगळं तरी बरोबर का दाखवावं? गेमला खोटं पाडायचंच ह्या हट्टानं दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्या स्कूटीवर मागे बसलो आणि चाळीस वर्षांत पहिल्यांदा खाली गेलो.

पाणी खूप मागं गेलं होतं. गावातला एकजण टरबुजाच्या वाडीत होता. मला बघितलं, उठला, आणि रामराम घालायचं सोडून दुसरीकडे बघायला लागला. पायऱ्या चढलो. मधली खचलेली. विहीर, गल्ली, उखळ... सगळं गाळानं माखलेलं, पण तिथेच. वेशीपाशी चपला काढल्या.

म्हसोबा ओट्यावर उभा होता. डावीकडे कललेला.

आणि त्याच्या अंगावर शेंदूर होता. ओला नाही, पण ह्याच उन्हाळ्यातला. पुढ्यात नारळाच्या करवंट्या, उदबत्तीच्या काड्या. मी हात लावला. दगड उन्हानं तापलेला होता. काही मागितलं नाही. काय मागायचं होतं ते मागायची वेळ गेली होती.

ते काय, हे आता सांगतो. माझी बायको काही वर्षांपूर्वी आजारी पडली. जळगावच्या डॉक्टरांनी हात टेकले तेव्हा मी निंबाखालच्या दगडापुढे जाऊन बसलो. मी माणसांपुढे कधी हात पसरले नाहीत, त्याच्यापुढे पसरले. रडलो. सुपडू माझ्या बाजूलाच उभा होता, नारळ त्यानंच आणलेला. बायको भाद्रपदात गेली. मी म्हटलं, देवानं ऐकलं आणि नाही म्हणाला. त्याचा अधिकार आहे. एवढ्यावर मी जगत होतो.

परत आलो आणि संध्याकाळ व्हायची वाट बघत बसलो.

सुपडू संध्याकाळी निंबाच्या पारावर बसतो. त्या दिवशीही होता. बाजूला चार म्हातारे. मी म्हटलं, मी खाली जाऊन आलो. पुढचं विचारायची गरज पडली नाही. त्या चारही जणांनी माना खाली घातल्या. मी एकेकाकडे बघितलं. म्हटलं, तुम्हाला सगळ्यांना माहीत होतं?

"बठ्ठासले माहीत व्हतं, भाऊ," सुपडू म्हणाला. "तुले सोडीसन."

मग त्यानं सांगितलं. दगड हाललाच नाही. दोन बैलजोड्या लावल्या, दोर तुटला. पाणी वेशीला लागलं. मी धुळ्याला दवाखान्यात, बायको अडलेली. अशा वेळी देव बुडाला हे मला कोण सांगणार? त्यानं नदीतला एक मोठा उभट गोटा गाडीत टाकला, त्याला शेंदूर लावला, आणि खोळीची गोष्ट रचली. वाटलं होतं, पुढे कधीतरी सांगू. मग मी पाया पडलो. तो म्हणाला, त्यानंतर तोंडच उघडलं नाही.

मी विचारलं, खालचा शेंदूर कोणाचा?

तो म्हणाला, माझा. दरसाल उन्हाळ्यात जातो, माफी मागायला.

म्हणजे बघा. मान माझ्या घराचा. खऱ्या देवाला शेंदूर ह्यानं लावला, आणि मी इतकी वर्षं गोट्याला. आणि दर अमावस्येला हा माझ्याबरोबर इथे हात जोडून उभा राहायचा.

मी म्हटलं, सुपडू, ते सगळं सोड. माझी बायको मरत होती. मी त्या गोट्यापुढे रडत होतो आणि तू नारळ धरून बाजूला उभा होतास. तेव्हा तरी सांगायचं.

तो म्हणाला, "मी तठे जाईसन सांगं व्हतं, भाऊ. तुना करता."

"खालच्या म्हसोबाला? भाद्रपद होता. धरण भरलेलं होतं."

"काठवर उभा राहिनू. पानीकडे तोंड करीसन सांगं."

हे खरं असेल. किंवा खोळीसारखंच असेल... ज्यानं एकदा तळहाताचे फोड दाखवले त्याचं काय धरायचं आणि काय सोडायचं? मी तिथून उठलो. त्या दिवसापासून त्याच्याशी बोललेलो नाही. पोरं म्हणाली, आता जेसीबीनं खरा म्हसोबा वर आणू. मी म्हटलं, त्याला इतकी वर्षं पाण्यात ठेवलं, आता कोणत्या तोंडानं उचलता? पुढे पाऊस आला आणि तो प्रश्नच मिटला. निंबाखालच्या गोट्याला मी शेंदूर लावत नाही. दुसरं कोणी लावतं का, बघत नाही.

राहिलं गेमचं. शुभांगी हुशार आहे, ती सोडणाऱ्यातली नाही. ती म्हणाली, प्रत्येक जगाला एक आकडा असतो, तोच आकडा पुन्हा टाकला की तेच जग पुन्हा उगवतं, बियाण्यासारखं. तो आकडा लॅपटॉपमध्ये नोंदलेला सापडला. तिनं टाकला. बर्फ आलं. नुसतं बर्फ आणि काळे डोंगर, एक घर नाही. तिनं खेळणाऱ्या ओळखीच्यांना विचारलं. सगळे म्हणाले, असं होऊच शकत नाही. मी शेतकरी माणूस. कपाशीचं बी टाकलं आणि ज्वारी उगवली, तर मी बियाणंवाल्याची गचांडी धरीन. इथे कोणाची धरायची?

कोणी म्हणेल, म्हाताऱ्याला भास झाला. मग सुनेलाही झाला का? आणि ओट्यावर दगड आहे, हे माझ्या मनात नव्हतंच. मी तर रिकामा ओटा बघायला निघालो होतो. जे सगळ्या गावानं माझ्यापासून लपवलं, ते एका मशीननं फासे टाकून सांगितलं. कसं, ते मला आजही माहीत नाही.

दुपारी अजून बसतो तिच्या खोलीत. ती म्हणते, आबा, तसं जग परत येत नाही. मी म्हणतो, लाव. नवी नदी येते, नवी वाट येते, पायऱ्या येत नाहीत. पण कधी आल्या, आणि वर विहीर लागली, गल्ली वळली, तर ह्या वेळी मी तिला अडवणार नाही. बूट असले तर असू देत. गड्याच्या मागे ती जखमी बाई उभी असते ना... आधी दगडाला हात लाव, म्हणेन.