फेडलेला नवस

ही गोष्ट मी नवऱ्यालाही सांगितलेली नाही. आईला फोनवर सगळं सांगते, कुकरची शिट्टी बिघडली तरी सांगते, पण हे नाही. तुम्हालाच का सांगतेय? तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल. जे ओळखतात ते मला फार श्रद्धाळू बाई समजतात.

अर्चना आमच्या वरच्या मजल्यावर राहते. कतारमध्ये, अल वक्रातल्या या इमारतीत आम्ही दोघी, मुलं बालवाडीत असल्यापासून आहोत. नवरे मेसईदच्या एकाच कारखान्यात, कंपनीच्या एकाच बसने जाणारे. ती रत्नागिरीकडची, मी नाशिकची. तिची रेवा आणि माझा ईशान एका वर्गात. इतकं छान जुळल्यावर पोटात दुखायचं काही कारण होतं का? नव्हतं. पण दुखायचं.

मार्कांचं म्हणाल तर रेवा पुढे असायचीच, त्याची मला सवय झाली होती. मला खुपायचं ते वेगळंच. ती माझ्याशी मराठीत बोलायची. स्वयंपाकघरात येऊन, "काकू, आमटीत आमसूल घातलंत का हो?" असं विचारायची. माझा मुलगा त्याच आमटीवर कानातले इअरफोन न काढता "इट्स फाइन, आई" म्हणायचा. ती गेली की मी भांडी जरा जोरातच आपटायची.

बारावीला दोघांनी दोह्यातल्याच एका अमेरिकन कॉलेजात अर्ज केला. अर्ली डिसिजन म्हणतात त्याला — एकाच कॉलेजला शब्द द्यायचा की घेतलंत तर येणारच, आणि मग इतरांच्या आधी, डिसेंबरातच निकाल. जागा मोजक्या. अर्चनाची सगळी भिस्त त्यावर होती. रेवा एकुलती, नवऱ्याच्या पाळ्या, घरात बहुतेक वेळ त्या दोघीच. मुलगी लांब गेली तर मी काय करू गो, असं ती जिन्यात उभी राहून मला विचारायची. तेव्हा तिचं काय पणाला लागलंय हे मला माहीत नव्हतं, असं मी म्हणू शकत नाही.

ते वाट बघण्याचे आठवडे! ईशान मोबाइल उपडा ठेवायचा आणि पुन्हा उलटून बघायचा. मी जिन्यात अर्चनाचा चेहरा वाचायची. "काही कळलं का गं?" असं गोड आवाजात विचारायची. आणि मला भीती कसली वाटायची? ईशानचं होणार नाही, याची? तीही होतीच. पण रोज डोळ्यांसमोर यायचं ते दुसरंच — ईशान खोलीचं दार लावून बसलाय आणि अर्चना पेढ्यांचा डबा घेऊन आमच्या दारात उभी आहे. त्या डब्याचं झाकणसुद्धा मला दिसायचं.

निकाल संध्याकाळी लागणार होता. सकाळी शाळेत जाताना रेवा खाली आली, आमच्या देव्हाऱ्यातल्या गणपतीला उदबत्ती लावून डोळे मिटून उभी राहिली. "दोघांचंही होऊ दे म्हटलं, काकू," म्हणाली आणि गेली.

मग मी त्याच गणपतीपुढे उभी राहिले. नवस बोलले. लोक काय बोलतात नवसात? माझ्या मुलाचं होऊ दे. तेही मी मागितलं होतं, रोज मागत होते. पण त्या सकाळी — रेवाने लावलेल्या उदबत्तीचा वास तिथेच होता — मी म्हटलं, ईशानचं होणार नसेल, तर तिचंही होऊ देऊ नकोस. उकडीचे मोदक करीन.

झालं ते असं. ईशानला नकार आला. तो खोलीत गेला, आणि माझे कान वरच्या मजल्याकडे होते. थोड्या वेळाने अर्चना आली ती रडतच. मी तिला जवळ घेतलं, पाठीवरून हात फिरवला. आणि मला भूक लागली. कितीतरी दिवसांनी कडकडून भूक लागली. त्या रात्री मी दोन पोळ्या जास्त खाल्ल्या. मुलगा उपाशी झोपला होता.

नवस बोलले होते म्हणजे फेडायला हवा. घाबरट आहे मी, देवाचं ठेवून घ्यायची छाती नाही. पण मोदकांच्या पाकळ्या मला जमत नाहीत, दर गणपतीत अर्चनाच वळून देते. मोदकपात्रही तिचंच. ते मागायला गेले तर तिने विचारलं, "आता मध्येच मोदक?" तोंडातून निघून गेलं, नवस होता. "ईशानसाठी?" मी हो म्हटलं.

ती माझ्याकडे बघतच राहिली. "झालं नाही तरी फेडत्येस?" म्हणाली. मग पदर खोचून खाली आली आणि सगळे मोदक तिने वळले. रडून सुजलेले डोळे, आणि बोटं मात्र एकेक पाकळी नीट काढत होती. मी शेजारी उभी राहून सारण भरायला देत होते. नंतर रेवाला हाक मारली. तिने तूप घालून खाल्ले.

ईशानला पुढे कॅनडात मिळालं. रेवा पुण्याला गेली. अर्चना आता संध्याकाळी एकटी असते, गॅलरीत दिवा न लावता बसते. इथल्या मराठी मंडळात मात्र ती माझी गोष्ट सांगते. देवाने दिलं नाही तरी हिने नवस फेडला, म्हणते. बायका माझ्याकडे आदराने बघतात. मी मान खाली घालते, तर त्यांना तो विनय वाटतो.

परवा दिवाळीच्या सुट्टीत रेवा आली होती. माझ्या पाया पडली. म्हणाली, काकू, हॉस्टेलवर फार वाईट वाटलं की मला तुम्ही आठवता, मागितलेलं मिळालं नाही तरी तुम्ही देवावर रागावला नाहीत.

मी तिच्या डोक्यावर हात ठेवला. मला मागितलेलं मिळालं होतं.