बुधीचं 'बरं हाय'

हे मी सख्ख्या बहिणीलाही कधी सांगितलेलं नाही. तुम्हाला का सांगतेय, देव जाणे! आणि सांगून तरी आता काय होणार आहे?

क्षयावरचं नवं इंजेक्शन तेव्हा नुकतंच येऊ लागलं होतं, तेही मोजकंच. उल्हासनगरच्या कॅम्पात राहणारे एक सिंधी डॉक्टर बदलापुरात दवाखाना चालवायचे, आणि मी घरोघर जाऊन सुई टोचायची. एक दिवसाआड, न चुकता — खंड पडला की केलेलं सगळं पाण्यात, असं त्यांनी मला बजावलं होतं. माझ्याकडे दोघी होत्या. बाजारातल्या किराणावाल्यांची सून, आणि बारवी नदीच्या अंगाला डोंगरावरच्या ठाकरवाडीतली बुधी.

सुनेकडे बसायला पाट मिळायचा, वेलचीचा चहा मिळायचा, 'नर्सबाई, दमलात हो' व्हायचं. आणि बुधीकडे? निसरडी चढण, गळकं खोपट. मी कुठे मोठ्या घरची लागून गेले होते? — पण तोरा होता ना मेला!

त्या वाडीची एक रीत होती. कुणीही 'कसं काय' विचारलं की 'बरं हाय' म्हणायचं. घरात काहीही होवो, तो नुसता रामराम. पहिल्याच दिवशी बुधी मला 'बरं हाय' म्हणाली आणि लगेच राखेच्या करवंटीत रक्त थुंकली. म्हणजे मला ठाऊक होतं. ठाऊक होतं — हेच तर सांगायचंय.

श्रावणात मला चढायचा कंटाळा येऊ लागला. बुधीचा नवरा मोळी विकायला बाजारात यायचा, त्यालाच विचारायचे, "बुधी कशी आहे?" तो म्हणायचा, "बरं हाय." सुईचं विचारायची त्याची छाती झाली नाही, आणि मी विषय काढला नाही. डॉक्टरांनी "वो पहाडवाली कैसी है?" म्हटलं की मी — जळली माझी जीभ! — सांगायची, "बरी आहे साहेब, घरचेच सांगतात. सुई नको म्हणतात." त्यांचा माझ्यावर विश्वास. बुधीच्या वाटणीचं औषध त्यांनी सुनेला लावलं. सून उठून हिंडू-फिरू लागली. तिचा काय दोष?

भातकापणीच्या सुमाराला नवऱ्याने बुधीला झोळीत घालून खाली आणलं. डॉक्टरांनी छातीला नळी लावून ऐकलं, मग माझ्याकडे बघितलं. करण्यासारखं आता काही उरलं नव्हतं, त्यांच्या हातात नाही नि माझ्याही नाही. मी नुसती तिथे उभी होते.

त्याच आठवड्यात ती गेली. पण त्या दिवशी दवाखान्याच्या ओट्यावर तिने माझ्या पावलांकडे पाहिलं. म्हणाली, "बाय, पाय दुकत व्हतं का तुमचं? म्हून आल्या नाय?"

माझे पाय ठणठणीत होते. मी "हो" म्हणाले.