बांधावरची रुई आज वाचली

मंडळी, आज सकाळी पलूसच्या आमच्या उसाच्या बांधावर मी सासऱ्यांना अडवलं. लग्नानंतर पहिल्यांदाच.

ते फौजेतून रिटायर झालेले. तणनाशकाचा पंप पाठीवर घेऊन रुई मारायला निघाले होते. त्याच रुईवरच्या पट्टेरी अळ्या मी रोज बघतेय.

"आवं मामा, थांबा. ह्यांची फुलपाखरं होणार हायत. ह्या अळ्या रुईच खात्यात, उसाला तोंड लावत न्हाईत."

"आन् लावलं तर?"

"तर मी सोता पंप मारीन."

मामांनी वाकून पाहिलं. पानाखाली सोनेरी ठिपक्यांचा हिरवा कोष लटकत होता.

"लय बारीक काम हाय गं," म्हणाले आणि त्यांनी पंप खाली ठेवला.

आता थंडीभर ती रुई मीच राखणार. तुमच्या बांधावर कोण राहतंय, वाकून बघितलंय का कधी?