कडधान्याचा तक्ता

हुलसूरच्या बसस्टँडवर धाकटा दीर निसता एवढंच म्हणला, "वैनी, पोरीला तरी हितं ठिवा." म्या न्हाई ठिवली. नवरा आदीच गेल्ता, मागनं चार लेकरांतली जगलेली लेकबी बाळंतपणात गेली. तिची ही एकच खूण, सहा वर्साची नात, लक्षी. पोटासाठी गाव सोडायले तवा एका हातात तिचं बोट, दुसऱ्या हातात बियाचं गठुडं. तुमी समद्या बाया सोडायला आलतात. मी मागं वळून बघितलं न्हाई. बघितलं असतं तर बसमदी चढलेच नसते.

गुलबर्ग्याला एका साळंत झाडायचं काम भेटलं, तिथंच लक्षीचं नाव घातलं. साळा कानडी. मला बाजारापुरतं कानडी येतंय, लक्षीला त्येबी न्हाई. तीन म्हैने पोरीनं वर्गात तोंड उघडलं न्हाई. टीचरबाई म्हणल्या, "अक्का, दिवाळीपतोर बोलली न्हाई तर हिला गावाकडं मराठी साळंत घाला. लेकराचं नुकसान व्हायलंय." गावाकडं घालायची म्हंजे दिराच्या घरी ठिवायची, माझ्यापासून तोडायची. काम सोडून मीबी गेले तर दोघीनं खायचं काय?

साळा सुटली की वर्ग झाडायची. भिंतीवर तक्तेच तक्ते. बायांनो, काय सांगू! एकावर माणसाचं पोट उघडून दावलेलं, काळीज, फुप्फुस, आतड्याची वेटोळी. चार बाळंतपणं झाली माझी, पर आत कायकाय असतंय ते त्या कागदानं दावलं. एक अक्षर येत न्हाई मला, तरी कळायलंय. झाडू हातातच ऱ्हायचा.

कडधान्याचा तक्ता बघून मातर हसू आलं. तूर काय, मूग काय, समदे एकसारके ठिपके. ऱ्हावलंच न्हाई. चिंचोक्याची खळ शिजवली, गठुड्यातलं बी काढलं आन एकेका चित्रावर खरे दाणे चिटकवले. कुणालाच इचारलं न्हाई.

सकाळी हेडमास्तर तापले. "अक्का, कामून हात लावलीस? तुझं काम झाडायचं!"

गेलं काम, म्हणले मनात. तवर तक्त्यापुढं लेकरांची झुंबड उडाली, जो तो दाण्यावर बोट फिरवायलाय. लक्षी त्यात घुसली. एका दाण्यावर बोट ठिवून म्हणली, "तूर."

शेजारची पोरगी म्हणली, "तोगरी."

"मूग."

"हेसरू."

"उडीद."

"उद्दू."

मग लक्षीनं पयल्यापासून परत बोट फिरवलं, एकटीनं, कानडीत. तोगरी. हेसरू. उद्दू. हेडमास्तर दारातनं वाकून बघायलेत. टीचरबाई हळूच म्हणल्या, "अक्का, खळ उरलीय का? फळाचा तक्ताबी फाटलाय."

जलमभर पेरलं, खुडलं, निवडलं. पर दाण्यानं लेकराचं तोंड उघडलेलं कवा बघितलं न्हवतं.

आता लक्षी चवथीला हाय, भांडतीबी कानडीतच. तुमी फोनवर इचारता, घरला कवा येतीस? काय सांगू. परवा बाजारात एका बाईनं इचारलं, कुठल्या गं तुमी? मी म्हणले, हुलसूरच्या. त्याच वक्ताला लक्षी म्हणली, गुलबर्ग्याच्या. बाई हसायली. पर आमा दोघीतलं कुणीबी खोटं बोललं न्हवतं.