नारिंगी दोरीचा शब्द

नेल्दा ओयार्सुनच्या हातची चापट न खाल्लेला पुरुष जगाच्या दक्षिण टोकावरच्या पोर्वेनीर गावात शोधला तर सापडला असता, पण शोधावा लागला असता. तीस वर्षं खेकड्यांच्या कारखान्यात नांग्या फोडण्यात गेलेली बाई. उंची बेताची, पंजे पुरुषी, आणि नाकावर राग. तिचा हिशेब साधा होता, एकाला दोन. एकदा खाटिकानं दुकानाच्या दारात बसलेल्या कुत्रीवर उकळतं पाणी फेकलं, तेव्हा नेल्दानं आकड्यावरचा गोठलेला फरा उतरवला आणि गिऱ्हाइकांसमोर त्याला त्यानंच झोडपलं. दोन बरगड्या मोडल्या. पोलीस विचारायला आला, "नेल्दाबाई, एका कुत्रीसाठी दोन बरगड्या?"

"कुत्री गाभण होती," ती म्हणाली.

त्यानंतर तो खाटीक दर शनिवारी न मागता मेंढ्यांची मुंडकी आणि आतडी तिच्या शेडवर पोचवू लागला. भीतीपोटी केलेलं दान कुत्र्यांना चांगलंच मानवलं.

शेड म्हणजे कारखान्यामागची जुनी जाळ्यांची खोली. नेल्दा आणि आणखी तीन बाया ती चालवत. गाव त्यांना कुत्रेवाल्या म्हणे, आणि त्यात फारसं प्रेम नसे. गाडीखाली आलेली, विष खाल्लेली, दारुड्यांनी फावड्यानं हाणलेली कुत्री तिथं यायची. काही जगायची. वाऱ्यात पुरायला खड्डा खणणं फार कष्टाचं, म्हणून तरी ती जगावीत असं नेल्दाला वाटे. ती हे हसत सांगायची, पण मेलेल्या प्रत्येक कुत्र्यासाठी खड्डा तिनं स्वतःच खणलेला असे.

रोज दुपारी बाराला रेडिओवर रानातल्या लोकांसाठी निरोप वाचत. कुणाची बायको बाळंत झाली, कुणाचा ट्रक कुठल्या फाटकाशी थांबेल, असलं सगळं. गुरुवारी त्यातली शेवटची दहा मिनिटं कुत्रेवाल्यांची. नेल्दा तिथं बातम्या आणि सल्ले द्यायची, तेही दटावल्यासारखे. "धक्क्याजवळ तांबडी कुत्री सापडलीय, शेपूट अर्धी. ज्याची असेल त्यानं यावं आणि उरलेली शेपूट कुठं गेली तेही सांगावं." आणि शेवटी, न चुकता, "मेंढीचं मुंडकं, आतडं, काळीज कुत्र्याला कच्चं घालू नका. उकळा. तासभर उकळा. त्यानं जंत जातात, आणि कुत्र्याच्या दाताला लोकरीची ओळख होत नाही. ज्या कुत्र्यानं लोकरीतून मांस ओढलं, त्याला पुढं मेंढी दिसत नाही, जेवण दिसतं." हे वाक्य तिच्या बापाचं. बाप जन्मभर मेंढ्यांमागं फिरला होता.

वर्षातून दोनदा सामुद्रधुनीपलीकडून जनावरांचा डॉक्टर बोटीनं यायचा आणि शाळेच्या व्यायामशाळेत कुत्र्यांची ऑपरेशनं करायचा. ऑपरेशन झालेल्या प्रत्येक कुत्र्याच्या गळ्यात नेल्दा खेकड्यांच्या पिंजऱ्याची नारिंगी दोरी बांधायची. गाठ तिची स्वतःची. ओली झाली की आवळायची, सुटायची नाही. मग कुत्रं पुन्हा रस्त्यावर. चाळीस कुत्र्यांच्या गळ्यात ती दोरी होती.

त्या दोरीचा शब्द मात्र तिच्या धाकट्या भावाचा होता. आर्नोल्दोची गावाबाहेर आठशे मेंढ्यांची कुरणं होती. माळावर रानटी झालेल्या कुत्र्यांच्या टोळ्या फिरत, आणि मेंढीवाले दिसेल त्याला गोळी घालत. एका वर्षी लोकर कातरणीच्या जेवणाला, अख्खं कोकरू आगीवर असताना, आर्नोल्दो सगळ्यांसमोर उभा राहिला. म्हणाला, "नारिंगी दोरी दिसली, तर बंदूक खाली. ती कुत्री माझ्या बहिणीची." शेजारच्या कुरणाचा मालक येर्को आधी कुरकुरला, मग त्यानंही प्याला उचलला. तिकडे कागद चालत नाही, शब्द चालतो. चार वर्षं तो चालला.

मग त्या एप्रिलमध्ये आर्नोल्दोनं कोकरांच्या वाड्यात शिरलेली एक पिवळी कुत्री मारली. दोरी नव्हती तिच्या गळ्यात. पण नेल्दा तिला ओळखत होती, पुढच्या फेरीत तिचं ऑपरेशन व्हायचं होतं. रविवारी चर्चच्या पायरीवर तिनं भावाच्या तोंडात मारली. एक नाही, दोन. आर्नोल्दोची टोपी वाऱ्यानं चौकापर्यंत गेली आणि तो टोपीमागं धावला नाही.

तरी मे महिन्यात, तिकडचा हिवाळा सुरू होताना, तो दरवर्षीसारखा लाकडाचा ट्रक घेऊन आला. गावाभोवती झाड म्हणून नाही, सरपण दक्षिणेतल्या जंगलातून यायचं. त्याच लाकडांवर शेडबाहेरचा मुंडक्यांचा ड्रम उकळायचा.

"ने तुझी लाकडं," नेल्दा फाटकातून म्हणाली.

"नेल्दा, थंडी बघ की."

"थंडी मला कळते. तू जा."

तो गेला. जूनमध्ये सरपण संपलं. जुलैत वारा असा सुटला की ड्रमखाली खोक्यांच्या फळ्या पेटेनात. खाटिकाची मुंडकी येतच होती, आणि कुत्री भुकेनं एकमेकांना फाडत होती. पहिल्या दिवशी नेल्दानं लोकर सुरीनं खरवडली. दुसऱ्या दिवशी अर्धी. तिसऱ्या दिवशी तिनं मुंडकी तशीच आत फेकली आणि दार लावून घेतलं. तीन आठवडे असं चाललं. शेडात तेव्हा नऊ कुत्री होती. गुरुवारी रेडिओवर ती "तासभर उकळा" म्हणतच होती. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. आवाज एकदाही अडखळला नाही, याची तिला पुढं फार लाज वाटली. थंडी ओसरली तशी तिनं नऊही कुत्री गळ्यातल्या दोऱ्यांनिशी सोडून दिली.

ऑगस्टातल्या एका बुधवारी निरोपांमध्ये तिचंच नाव आलं. "नेल्दा ओयार्सुन हिला. एक वाजता येतो. बूट घाल. आर्नोल्दो."

एक वाजता तो आला, ती गाडीत चढली. कुरणाच्या कुंपणापाशी त्यानं गाडी थांबवली आणि तिला पुढं चालू दिलं.

पहिली मेंढी जिवंत होती. मागच्या मांड्यांचं मांस हाडापर्यंत गेलं होतं, आणि ती पुढच्या दोन पायांवर उठायला बघत होती. दुसरीची ओटी फाडलेली. तिसरीचं पोट उघडं, आणि आतलं न जन्मलेलं कोकरू बर्फावर पडलेलं, अख्खं, कुणी तोंड न लावलेलं. पुढं कुंपणाच्या कोपऱ्यात घाबरून एकमेकींवर चढलेल्या मेंढ्यांचा ढीग होता. खालच्या गुदमरून मेल्या होत्या, वरच्यांचे गळे फाटले होते. खाल्लेली एकही नव्हती. नेल्दा वाकून मोजायला लागली.

"त्रेपन्न," आर्नोल्दो म्हणाला. त्यानं मागं जाऊन पहिल्या मेंढीचा गळा चिरला आणि सुरी बर्फात पुसली. "सगळ्या गाभण. पाच कुत्री होती. तीन मारली मी."

"दोऱ्या?"

"मारली त्यांना नव्हत्या." त्यानं सुरी म्यानात घातली. "सगळ्यात पुढं जो होता ना, त्याला होती. करडा, एक कान पडलेला. नेमात होता माझ्या, नेल्दा. बोट घोड्यावर होतं. दोरी दिसली आणि मी नळी खाली केली. तेवढ्यात त्यानं कोपऱ्यातला कळप फोडला."

करडा, एक कान पडलेला. त्रापो. दोन वर्षांपूर्वी एका खलाशानं पोत्यात घालून धक्क्यावर आपटायला घेतलेलं पिल्लू. त्या खलाशाचे दोन दात नेल्दानं पाडले होते. त्रापो तिच्याच दारात झोपायचा, आणि जुलैत शेडातल्या नऊ कुत्र्यांत तोही होता.

"रविवारी सगळे मेंढीवाले जमतायत," आर्नोल्दो म्हणाला. "येर्को म्हणतो, दोरीबिरी बास झाली. गावात विष टाकायचं. मी त्यांना काय सांगू?"

"त्याला आणते मी," नेल्दा म्हणाली. "उद्या सकाळी. कचऱ्याच्या मैदानावर ये."

कच्च्या मुंडक्यांची गोष्ट तिच्या ओठावर आली होती. तिनं ती गिळली.

घरी त्रापो शेपूट हलवत आला. तिनं त्याला गुडघ्यात धरला आणि जबडा उघडला. मागच्या दाढांमध्ये लोकरीचा पुंजका अडकला होता, तेलकट, तांबूस. तो तिची बोटं चाटत राहिला. मग ती शेडाकडे गेली, गल्ल्या फिरली, बाकीच्या आठांपैकी जी सापडली त्यांची तोंडं उघडून पाहिली. विउदा नावाच्या काळ्या म्हाताऱ्या कुत्रीच्या दातात लोकर होती. इतरांच्या नव्हती. पण चव आठांनाही लावली होती, आणि ती तिनंच लावली होती.

सकाळी मैदानावर समुद्रपक्षी आणि वारा, दुसरं कुणी नाही. आर्नोल्दो बंदूक घेऊन गाडीतून उतरला. त्रापो त्याला पाहून उडी मारू लागला, कारण या माणसाच्या गाडीत कधी कधी हाडं असायची.

"दोरी सोड त्याची," आर्नोल्दो म्हणाला.

"मार ना, धरलाय मी."

"दोरी असताना नाही मारणार. शब्द दिलाय."

तिनं गाठीला हात घातला. दोरी रात्रीच्या दहिवरानं भिजून आवळली होती. नखं तुटली, गाठ हलेना. शेवटी तिनं खिशातून खेकड्यांची सुरी काढली आणि कुत्र्याच्या गळ्याशी घातली. त्रापो स्थिर उभा राहिला. त्याला तिच्या हातातल्या सुरीची भीती कधी वाटलीच नव्हती. दोरी कापली गेली. मानेभोवती केस दबून एक रेघ उमटली होती.

"तोंड फिरव तिकडे."

"नाही फिरवत."

गोळीचा आवाज वाऱ्यानं लगेच नेला. कुत्रं बाजूला पडलं, पाय दोनदा झाडले, आणि नेल्दाच्या बुटांवर रक्त उडालं. आर्नोल्दोनं पुंगळी उचलून खिशात टाकली.

"झालं," तो म्हणाला. "मी रविवारी सांगतो, ज्यानं केलं तो गेला. बाकी एकोणचाळीसांचा शब्द तसाच. ऐकतील माझं."

आता गप्प बसलं की सगळी कुत्री वाचत होती. तोंड उघडायचंच कारण नव्हतं. आणि पुढच्या वेळी विउदा कळपात शिरली, तर हा खुळा भाऊ पुन्हा दोरी बघून नळी खाली करणार होता. नेल्दानं फावडं घेतलं, खड्डा खणला. भावाला हात लावू दिला नाही.

गुरुवार होता. बाराच्या आत तिनं आठही कुत्री शेडात आणली, त्यांच्या गळ्यातल्या दोऱ्या कापल्या आणि त्यांना साखळ्या घातल्या. मग रक्ताच्या बुटांनिशी रेडिओवर गेली.

"मी नेल्दा ओयार्सुन. आज हरवलेलं, सापडलेलं काही नाही. सल्ला एकच आहे, नेहमीचा. मुंडकी उकळा. मी उकळली नाहीत. जुलैत तीन आठवडे मी नऊ कुत्र्यांना कच्ची मुंडकी लोकरीसकट घातली. माझ्याकडे सरपण नव्हतं, कारण दारात आलेलं सरपण मी माजानं परत पाठवलं. माझ्या भावाच्या त्रेपन्न मेंढ्या त्यामुळं मेल्या. त्रापो आज सकाळी मेला. राहिलेल्या आठांची नावं सांगते, लिहून घ्या." तिनं एकेक सांगितलं. रंग, कान, शेपूट, लंगडता पाय, जशी ती हरवलेल्यांची सांगायची तशीच. "यांच्या दोऱ्या मी कापल्यात. साखळीला आहेत. यातलं एक जरी माळावर दिसलं तर गोळी घाला, मला विचारू नका. दुसऱ्या एकतीस कुत्र्यांनी माझ्या हातचं कच्चं खाल्लेलं नाही. त्यांच्या दोरीचा शब्द पाळा एवढंच मागते. त्यांचा यात काही गुन्हा नाही."

बाहेर पायरीवर येर्को उभा होता. त्याच्या गाडीतला रेडिओ चालूच होता. मागच्या वर्षी त्याच्या साठ मेंढ्या कुत्र्यांनीच फाडल्या होत्या. त्या वेळी कुणाच्या चुकीनं, ते कुणालाच कळलं नव्हतं. आता त्याला समोर एक माणूस मिळालं होतं. त्यानं मूठ आवळून नेल्दाच्या तोंडावर मारली. ती दाराच्या चौकटीवर आदळली, ओठ फुटला, दात हलला. रस्त्यावरची माणसं जागच्या जागी थांबली. एकाला दोन हा हिशेब सगळ्या गावाला पाठ होता.

नेल्दा उठली. हात खालीच होते.

"आणखी एक मार," ती म्हणाली. "माझ्या भावाच्याही त्रेपन्न होत्या."

येर्कोनं तिच्याकडे पाहिलं, स्वतःच्या मुठीकडे पाहिलं, आणि गाडीत जाऊन बसला. रविवारी तो मेंढीवाल्यांच्या बैठकीला गेला, पण विषाचं नाव त्यानं काढलं नाही.

मार खाल्ल्याच्या दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी, ती सुजलेल्या तोंडानं शेडात बसली होती. आठ कुत्री साखळ्या ओढत होती, भुकेली. खाटिकाची मुंडकी दारात पडली होती, आणि ड्रमखाली राख सोडून काही नव्हतं. शेजारी लहान रेडिओवर निरोप चालू होते. कुणाला औषधं पाठवायची होती, कुणाची गाय व्यायली होती. मग निवेदकानं घसा साफ केला.

"नेल्दा ओयार्सुन हिला. लाकडाचा ट्रक निघालाय. या वेळी फाटक उघडं ठेव. आर्नोल्दो."

तिनं उठून मुंडकी ड्रममध्ये टाकली, पाणी ओतलं, आणि फाटकाची कडी काढायला गेली.